घरभर कापूस होता तेव्हा

कापसाचा सीझन आला की मला खाज सुटते. खरंच सुटते. दिवाळी सरते, कापूस भरलेल्या गाड्या रस्त्यानं धावू लागतात, कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले दिसतात, आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी चावायला लागतं. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, काही नाही, भास आहे. मी म्हटलं, मग भासावरचं मलम द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी दिलं. ते कपाटात तसंच पडून आहे. लाज सोडून सांगायचं तर ती खाज मला हवी असते.

हसाल तुम्ही. पण एक हिवाळाभर आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता, आणि त्या हिवाळ्यानंच आमचं वाटोळं केलं. तरी ओढ लागते ती त्याचीच. आता काय करावं.

आमचं घर आर्णीत. पुढं हॉल, मागं दोन खोल्या, न्हाणी आणि चार पावलांचं अंगण. आम्ही शेतकरी नाही. म्हणजे सासऱ्यांची शेती आहे, पण ती धाकटे दीर करतात, वसंताभाऊजी, इथून दोन कोसावरच्या गावी. आमचे हे शाळेत बाबू होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पगाराची बिलं केली, एका आण्याची चूक नाही. असा माणूस रिटायर झाला, हातात एकरकमी पैसा आला, आणि नेमकं त्याच साली सगळ्या तालुक्याला कापूस धरून ठेवायचं वेड लागलं.

त्याला कारण आदल्या सालाचं. आदल्या साली कापसानं कधी नाही तो भाव खाल्ला होता, आणि तोही उशिरा. ज्यांनी दसऱ्याला विकला ते कपाळ बडवत बसले. ज्यांनी घरात ठेवला त्यांच्या दारात नव्या मोटरसायकली आल्या. झालं. पुढच्या साली कोणी विकायलाच तयार नाही. ज्याच्या त्याच्या ओसरीत, देवघरात, माळ्यावर कापूस. सोयरीक करायला आलेले पाहुणे आधी मुलीला नाही, कापसाला पाहायचे. एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी, थांबा, वाढते भाव.

वसंताभाऊजींना मात्र थांबायचं नव्हतं. त्यांना विहिरीचं काम काढायचं होतं. ते व्यापाऱ्याला कापूस द्यायला निघाले तर यांनी वाटेत अडवलं. दुसऱ्याच्या घशात कायले घालतं, म्हणाले, आजचा भाव घे, मलेच दे. रोख पैसे मोजले आणि छोटा हत्ती टेम्पो भरून कापूस आमच्या हॉलमध्ये उतरवला. मग भाऊजींच्या शेजाऱ्याचा आला. मग त्याच्या साडभावाचा. पिकवणारे मोकळे झाले आणि ज्यानं जन्मात पऱ्हाटीचं एक झाड लावलं नाही, तो बाबू कापसाचा धनी होऊन बसला. जगात एवढी उलटी गोष्ट आमच्याच घरी व्हायची होती.

हॉल भरला तेव्हा सोफा अंगणात गेला. मागची खोली भरली तेव्हा पलंग उभा करून भिंतीला टेकवला. आमची प्रणिता तेव्हा बारावीला होती, तिच्या अभ्यासाच्या खोलीत ढीग खिडकीच्या गजांपर्यंत आला. ती त्याच्यावर पालथी पडून गणितं करायची आणि पुस्तकात सरक्या निघायच्या.

घरात उदबत्ती बंद झाली. देवाला दिवा तेवढा अंगणात, तुळशीपाशी. फोडणी द्यायची तर आधी स्वयंपाकघराचं दार लावायचं. कोणी बिडीवाला आला की हे त्याला फाटकाबाहेरच उभं करायचे, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना. भिंतीवरून गुलाबी अळ्या चढायच्या. एका मांजरीनं ढिगात पिल्लं घातली, ती कुठल्या कोपऱ्यात आहेत हे आठ दिवस कळलंच नाही, नुसता आवाज. आणि खाज. तिघांच्याही अंगावर लाल लाल पुरळ. आम्ही जेवताना खाजवायचो, बोलताना खाजवायचो, शेजारीण आली की तिच्यासमोर हात पाठीमागं धरून उभे राहायचो.

पण कापसाला दुपारी एक वास येतो. खिडकीतून ऊन आलं की ढीग आतून गरम होतो, आणि सरकीचा तेलकट, गोडसर वास सुटतो. जेवणं झाली की हे त्या ढिगावर पाठ टेकायचे. मी खाली, दाराशी तांदूळ निवडत. आणि मग यांचं सुरू व्हायचं.

काय काय बोलायचे. वर एक खोली काढू, तिला गच्चीकडं दार ठेवू. पोरीला पुण्याला घालू, तिथं शिकलेल्या पोरी कशा फटाफटा बोलतात. तुला स्कूटी घेऊ. मला तर चालवता येत नाही, मी म्हणायची. तर म्हणे, मी शिकवतो ना, मागं बसतो तुझ्या. समुद्र पाहायला जाऊ. नोकरी होती तोवर हा माणूस पगाराच्या तारखेच्या पुढं कधी बोलला नव्हता. पंचवीस तारखेनंतर तर अजिबातच बोलायचा नाही. आणि आता पाच वर्षांनंतरचं, दहा वर्षांनंतरचं असं बोलायचा की वाटावं, हा तिकडं राहूनच आला आहे. बोलता बोलता हाताशी लागलेल्या कापसातली सरकी काढत राहायचा. मी वरवर म्हणायची, पुरे झालं, आधी विकू तर द्या. पण मनातून मला वाटायचं, बोलत राहा. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती आणि माझी या माणसाशी ओळख तेव्हा कुठं होत होती.

संक्रांतीच्या आधी भाव थोडे उतरले. शहाणा माणूस घाबरला असता. हे म्हणाले, पाह्य, सस्ता झाला, हाच टाइम हाय घ्यायचा. पैसे संपले होते. माझी पोत होती, चार बांगड्या होत्या, आईनं दिलेल्या पाटल्या होत्या. लोक म्हणतात नवऱ्यानं बायकोचं सोनं घालवलं. खोटं कशाला बोलू, यांनी मागितलंच नाही. मीच काढून दिलं, साबण लावून, कारण बांगड्या निघत नव्हत्या. मलाही ती वरची खोली दिसायला लागली होती.

सोनं गहाण पडलं आणि आणखी एक गाडी आली.

पुढचं काय सांगायचं. भाव वाढतील वाढतील म्हणत होळी गेली. होळीनंतर कापूस रोज थोडा थोडा पिवळा पडायला लागला, माणसाचे दात होतात तसा, एकदम कळत नाही. हे रोज सकाळी मोबाइलवर भाव पाहायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. दुपारचं बोलणं आधी कमी झालं, मग फक्त वरच्या खोलीपुरतं उरलं, मग तेही नाही. मे संपत आला, आभाळ भरून यायला लागलं, आणि ओल लागली तर सगळंच जाईल म्हणून घाईघाईनं गाड्या बोलावल्या.

जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यात, मीही गेलते. व्यापाऱ्यानं ढिगात खांद्यापर्यंत हात घातला, तळातला मूठभर काढला, पाहिला आणि बाजूला टाकला. कवडी आहे, एवढंच म्हणाला. कवडी म्हणजे डागी, पिवळा पडलेला माल. काट्यावर वजन भरलं तर घेतलं त्यापेक्षा कितीतरी कमी. घरात राहून राहून वाळला होता. यांनी पावती तीनदा तपासली, सवयीनं. चूक नव्हती. भाव पडला, वजन पडलं, रंग गेला, सोन्यावरचं व्याज तेवढं वाढलं. सोनं सोडवायचं नाव घेण्यात अर्थ नव्हता, ते मोडलंच. जे उरलं ते प्लास्टिकच्या पिशवीत मावलं. पिशवी गाडीच्या हँडलला लटकवून आम्ही घरी आलो.

तीन दिवस मी घर झाडत होते. कपाटाखालून, फ्रिजमागून, देवांच्या फोटोंमागून कापूस निघत होता. हॉल केवढा मोठा वाटायला लागला. नुसतं खाकरलं तरी आवाज घुमायचा.

पेन्शन होती म्हणून चूल पेटत होती, नाही म्हणत नाही. उपाशी कोणी राहिलं नाही. प्रणिता पुण्याला नाही, यवतमाळला शिकली, एसटीनं जाऊन येऊन. तिनं कधी त्यावरून टोमणा मारला नाही. वसंताभाऊजींची विहीर झाली, तिला पाणी लागलं, ते आनंदानं पेढे घेऊन आले आणि दारातच ओशाळले. मी म्हटलं, भाऊजी, या आत, तुमचा काय दोष. खरंच त्यांचा दोष नव्हता. पण हे घरात असूनही बाहेर आले नाहीत.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमच्या यांनी ताकच सोडलं. आम्ही दरसाल वर्षाचे गहू भरायचो, कोठी भरून, कडुनिंबाचा पाला घालून. त्या सालापासून दहा किलोचं पाकीट. मी म्हटलं, मार्चमध्ये घेतले तर किती फरक पडतो. तर म्हणे, आजचं आज पाहू. चपला तुटल्या की शिवायच्या, कारण नव्या घेतल्या तर त्या पुढची दोन वर्षं चालणार. मोबाइलचं रिचार्ज महिन्याचं. लग्नपत्रिका आली आणि लग्न दोन महिन्यांनी असलं, तर तारीखसुद्धा लक्षात ठेवायची नाही. आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं फिरायचं. भांडण नाही, दारू नाही, रडणं नाही. शेजारी म्हणायचे, किती शांत झाले हो. मला त्या शांततेचा असा राग यायचा की ताट आपटावंसं वाटायचं. आपटलंही आहे एकदोनदा.

मी आधीपासून पोस्टाच्या आरडीची एजंट होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघर जायचं, कोणाचे शंभर, कोणाचे पाचशे गोळा करून पोस्टात भरायचे, त्यावर थोडं कमिशन. आधी ते मी आपली करमणूक म्हणून करायची. त्या सालानंतर मात्र कंबर कसली. पंधरा घरांची साठ घरं केली. जुनी स्कूटी घेतली आणि शेजारच्या पोरीकडून शिकले. पुढच्या संक्रांतीला आमच्याही नावाचं खातं उघडलं, पाच वर्षांचं. पेन्शनीतले थोडे, कमिशन सगळं. पहिला हप्ता भरताना मला कसलीही आशा वाटत नव्हती. राग होता फक्त. रागानं पैसे फार छान साठतात, हे मी अनुभवानं सांगते. नवी साडी नको, का तर राग. नातेवाईकाकडं रिक्षानं नको, का तर राग. पण राग किती दिवस पुरतो? तिसऱ्या वर्षी तो आटला, आणि मी नुसत्या सवयीनं भरत राहिले.

माझ्या साठ घरांत एक सोनाबाई आहे. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते, किलोवर मजुरी. आठवडी बाजाराच्या दिवशी मी तिच्या दारात जाते. ती पदराची गाठ सोडून दोन नोटा देते आणि दर महिन्याला मला त्या खात्याचं नाव सांगते, जसं काही मी विसरले असेन. दातांचे हायत हे, म्हणायची. तोंडात चार दात उरले होते आणि तिला भुईमुगाच्या शेंगा खायच्या होत्या. पाच वर्षं ती बाई दातांचे पैसे भरत होती. खातं भरलं तशी यवतमाळला जाऊन कवळी बसवून आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं नवीन खातं उघडलं. मी विचारलं, आता कशाचं? तर म्हणे, आता नातीच्या सायकलचं.

मग तिनं मलाच विचारलं. "तुवं कायचं हाय बाई?"

मी पटकन पोरीच्या लग्नाचं म्हणाले. साऱ्या बायका हेच सांगतात, म्हणून. प्रणिताला तर नागपूरला नोकरी लागली आहे आणि तिनं निक्षून सांगितलं आहे की लग्न स्वतःच्या पैशानं करीन. सोनाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला कळलं, हिला खोटं कळलं. घरी येताना स्कूटीवर मी विचार करत होते. पाच वर्षं मी पैसे साठवते आहे आणि त्यांना नाव नाही. नाव ठेवणारा माणूस माझ्या घरात होता, तो कापसाबरोबर गाडीत भरून गेला.

यंदाच्या संक्रांतीला आमचं खातं पूर्ण झालं. गेलं त्याच्या निम्मेही नाहीत, पण मान वर करून सांगावी एवढी रक्कम आहे. दुपारी अंगणात हे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. रस्त्यानं कापसाची गाडी गेली, तसे हे पाठमोरे झाले. मी समोर बसले, पासबुक टोपलीच्या कडेला ठेवलं आणि सांगितलं की इतके इतके झाले, काय करायचं.

त्यांनी पासबुक उघडलं, बोटानं आकडे तपासले, मिटलं. आणि म्हणाले, तुझं सोनं मोडलं होतं, सोनं करून घे.

बास. मला हिशेब मिटवल्यासारखं वाटलं, माझा आणि त्या हिवाळ्याचाही. माझ्या हातातली शेंग मी फेकून दिली.

"मले सोनं नको," मी म्हटलं. "सोनं मीच काढून दिलतं, तुम्ही मागितलं नव्हतं. मले तुमी कापसावर पडून बोलत होते ना, ते पाहिजे. पैसा गेला त्याचं मी एक दिवस रडली नाही. तुमी गप झाले त्याचं पाच वर्षं रडून राह्यली."

यांनी हातातली शेंग टोपलीत ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "तेवढंच बोललो होतो अवं जन्मात. अन् त्याच्यातच बुडालो."

"मग काय झालं?" मी म्हटलं. "भाव चुकला. बोलणं थोडंच चुकलं होतं."

ते उठून आत गेले. मी दाणे सोलत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायचं तर हात तुरीनं चिकट, म्हणून तसंच वाहू दिलं. संध्याकाळी जेवणं झाली, नेहमीसारखी, मुकाट्यानं. माझ्या मनानं घेतलं की झालं, आता उरलेलं आयुष्य असंच दहा दहा किलोनं काढायचं.

सकाळी मी पोस्टात जायला निघाले तर हे फाटकापाशी तयार होऊन उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी काही विचारलं नाही, तर तेच म्हणाले की चालतो. स्कूटीवर मागं बसले. मी मुद्दामच जिनिंगच्या रस्त्यानं घेतली. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, कापसाचे ढीग, रस्ता पांढरा झालेला. मला वाटलं आता म्हणतील, वळव. नाही म्हणाले. माझ्या कोपराला खाज सुटली होती, आणि मागं हेही बहुतेक मनगट खाजवत होते, कारण स्कूटी जराशी हलत होती.

पोस्टातली मुलगी मला ओळखते. तिनं पासबुक घेतलं, सह्या घेतल्या, आणि विचारलं, काकू, पैसे काढता की पुन्हा पाच वर्षांसाठी टाकता? मी यांच्याकडं पाहिलं. हे खिडकीशी पुढं सरकले, चष्मा वर केला, आणि बिलं करायचे त्या बाबूच्या आवाजात म्हणाले, "पाच नको. दहा वर्षांचं काही हाय काय तुमच्याकडं?"

मुलीनं यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दहा वर्षांनी आमचे हे चौऱ्याहत्तर वर्षांचे होतील. ती सांभाळून म्हणाली, काका, एवढ्या लांबचं कशासाठी?

"ते आमचं ठरायचं हाय अजून," हे म्हणाले. "घरी जाऊन बोलणार हाव आमी."